हलक्या पाण्याचं घर

आमच्या बुखाऱ्यात नळ सोडला की पाण्याबरोबर थोडी भिंतही येते. नवी कोरी विजेची किटली आणावी, महिनाभर चहा उकळावा आणि मग आत डोकावून बघावं. कुणीतरी आतून क्षाराचा गिलावा करून गेलेलं असतं. वॉशिंग मशीन चौथ्या वर्षी धापा टाकतं. गीझर पोटातून खडखडायला लागतो. आणि या सगळ्यावर गावात एकच इलाज आहे, तो म्हणजे माझे शेजारी, दुरुस्तीवाले फाझिल अका, म्हणजे आमचे फाझिलदादा.

अका घरात शिरतात ते सलाम अर्धाच टाकून थेट स्वयंपाकघरात. किटलीचं झाकण उघडतात, हकिमानं जीभ बघावी तसं आत बघतात, उसासा टाकतात आणि घरच्या बाईला विचारतात, "इथे माणसं राहतात की चुनाभट्टी आहे?" मग लिंबूसत्त्वाची पुडी काढतात. बायका या अपमानाची वाट बघत असतात. माझी बायको तर अका येणार म्हटलं की किटली मुद्दाम पुढे मांडून ठेवते.

त्यांच्या दुकानाच्या खिडकीत क्षाराच्या खपल्यांचं प्रदर्शन आहे. कॉइलवरून अखंड निघालेली एखादी खपली मिळाली की ती धुऊन, पुसून, मोहल्ल्याचं नाव लिहून तिथे विराजमान होते. जिभेला लावून ते पत्ता सांगतात. एकदा मी परीक्षा घ्यायला मेहुण्याच्या घरची खपली नेली. अकांनी चाटली, डोळे मिटले. "कापसाच्या गिरणीमागचं घर. आणि बाई किटली घासत नाही, नुसती विसळते." मी हे कौतुकानं मेहुण्याकडे जाऊन सांगितलं. त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही.

गेल्या शरदात अकांच्या एकुलत्या एका मुलीचं, मुनीसाचं, लग्न झालं. सासर गावाच्या दुसऱ्या टोकाला. लोक मुलीला गाद्या देतात, गालिचे देतात. अकांनी तेही दिलं, पण त्यांचा जीव अडकला होता एका निळ्या, माणसाएवढ्या उंच टाकीत. पाण्यातला क्षार काढून ते हलकं करणारं यंत्र. दोन दिवस खपून त्यांनी ते सासरच्या स्वयंपाकघरात स्वतः बसवलं आणि तिसऱ्या दिवशी घरच्या सगळ्यांना उभं करून व्याख्यान दिलं.

"मीठ इथे टाकायचं. पाणी इथून येतं. ही लाल चावी अशीच सरळ राहिली पाहिजे. आडवी केलीत तर पाणी यंत्राला वळसा घालून थेट घरात घुसेल आणि माझी मुलगी जन्मभर किटल्या खरवडत बसेल."

मुनीसाची सासू सालोमत अपा, म्हणजे सालोमतताई, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली. डोळे बारीक करून तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हणजे या घरात आता काही बिघडणारच नाही?"

"वीस वर्षं तरी नाही," अका छाती फुगवून म्हणाले.

"अस्सं," अपा म्हणाली.

हिवाळा गेला, वसंतातला नवरोझचा सण गेला. मे महिन्यात एके दिवशी अका आमची किटली घासता घासता थांबले.

"लग्नापासून मी तुमच्याकडे किती वेळा आलो?"

"ही चौथी खेप," मी म्हणालो.

"म्हणजे तुमच्या बायकोला मी चारदा भेटलो. आणि मुनीसाला एकदा. नवरोझला. तेही पाहुण्यांच्या खोलीत, मधे जेवणाचं एवढं मोठं दस्तरखान अंथरलेलं, आणि ती पार त्या टोकाला ताटं लावत होती."

तेव्हा आमच्या सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. मुलीच्या सासरी बापानं बोलावल्याशिवाय जायचं नसतं. गेला तरी ताठ बसून पुलाव खायचा आणि उठायचं. मुनीसा माहेरी यायची तीही घड्याळाकडे बघत, आणि नेमके अका तेव्हा कुठल्या तरी परक्या स्वयंपाकघरात असायचे. पण हातात पिशवी घेतलेल्या दुरुस्तीवाल्याला गावात कुठलंही दार बंद नाही. तो सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसू शकतो. गावातल्या प्रत्येक घरात अकांना हा रस्ता मोकळा होता. एका घराचा मात्र त्यांनी स्वतःच्या हातांनी, नट घट्ट आवळून, वीस वर्षांसाठी बंद केला होता.

"अका, फोन आहे की," माझी बायको म्हणाली.

"फोनवर ती म्हणते, सगळं छान आहे. किटलीबद्दल तुम्ही बायकाही हेच म्हणता. झाकण उघडल्याशिवाय मला काही कळत नाही."

"मग यंत्र बिघडलंय का बघायला आलो, असं सांगून जा ना," मी सुचवलं.

अका दुखावले. "माझं यंत्र? मी बसवलेलं?" बाप जायला तयार होता, पण कारागीर आडवा आला. किटली तशीच अर्धी घासलेली सोडून ते निघून गेले.

जूनमध्ये सालोमत अपाचा फोन आला. "व्याहीबुवा, तुमचं यंत्र दमलं वाटतं. किटली पांढरी झालीय."

अकांचा चेहरा आधी अपमानानं लाल झाला, मग त्यांनी धावत जाऊन नवा सदरा घातला. हत्यारांची पिशवी विसरले. ती मी उचलली, कारण गाडी माझी होती आणि अकांना गाडी चालवता येत नाही.

मुनीसा स्वयंपाकघरात कणीक मळत होती. "बाबा," एवढंच म्हणाली आणि पिठाचे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. अकांनाही काही कळेना, म्हणून त्यांनी सवयीनं किटलीचं झाकण उघडलं. आत छान, जाड, खरबरीत थर होता. मग ते यंत्रापाशी गेले. मीठ भरलेलं. नट घट्ट. लाल चावी आडवी.

"ही तू केलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो. मी तिला हातही लावला नाही."

मागे सालोमत अपा चहा ओतत होती. पाहुण्यानं जावं असं वाटलं की आम्ही पियाला काठोकाठ भरतो. राहावं वाटलं तर दोनच घोट ओततो, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. अपानं तळ जेमतेम भिजेल एवढाच चहा ओतला.

"मी छत्तीस वर्षं भूमिती शिकवली," ती म्हणाली. "सरळ कुठली आणि आडवी कुठली, मला कळतं."

"अहो पण अपा, गीझर जाईल. मशीनची कॉइल जाईल."

"मग दुरुस्त करायला याल ना? पोरगी चहा ओतताना त्या किटलीत बघायची आणि गप्प व्हायची. इतकी चकचकीत किटली घरात असल्यावर बापाची आठवण येणारच. आता घासा. मी अंगणात बसते. तुम्हीही चला," हे मला.

एरवी किटलीला अकांना वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी दोन तास लागले. अंगणाकडच्या खिडकीतून ऐकू येत होतं. आधी मुनीसा म्हणाली, सगळं छान आहे. मग बराच वेळ नुसता घासण्याचा आवाज. मग ती म्हणाली की पुलावात इथे गाजर फार गोड घालतात. मग, की नवरा चांगला आहे पण घोरतो. मग, की पहिले दोन महिने ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची, आता नाही रडत. मग ती कशावर तरी खूप हसली आणि अकाही हसले. झाकण उघडलं होतं. अपा उठून दर थोड्या वेळानं आत जायची, दोन घोट ओतून यायची.

निघताना अका पुन्हा यंत्रापाशी गेले. त्यांचा हात लाल चावीकडे गेला. चाळीस वर्षं कारागिरी केलेला हात तो. मला वाटलं, आता सरळ करणार. त्यांनी खिशातला रुमाल काढून चावी स्वच्छ पुसली आणि होती तशी आडवीच ठेवली.

"पुढच्या वेळी इतकी घासू नका," दारातून अपा म्हणाली. "थर धरायला पाच आठवडे लागले."

गाडीत अकांनी रुमालाच्या घडीतून एक खपली काढली. उलटसुलट बघितली, जिभेला लावली आणि डोळे मिटले.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"चांगलं घर आहे," अका म्हणाले आणि खपली पुन्हा नीट घडीत ठेवली.