वहिनीचा तास

शाळा साडेअकराला सुटायची. बेगिमाय आधी आजीच्या घरी जायची, गरम चहात बोरसोकचे तळलेले तुकडे बुडवून खायची, केसांतली पांढरी मोठी फीत सोडून ठेवायची आणि मग दप्तर पाठीला लावून चार घरं पलीकडे साल्तानातकडे यायची. त्यात सव्वाबारा सहज वाजत. साल्तानात मात्र अकरापासूनच खिडकीची काच पुसत असायची. आतबाशी गावच्या हिवाळ्यात काचेवर आतल्या बाजूनं बर्फ धरतो. पुसला तरी पुन्हा धरतो.

"पूस, पूस," तिचा नवरा मिर्लान म्हणायचा. "काच झिजून गेली की नवी आणू."

ती पुसतच राहायची. फाटकाची कडी वाजायची, दारात बूट आपटल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ हाक यायची, "वहिनी, आले गं मी!"

बेगिमाय साल्तानातचीच मुलगी. पोटची, पहिली.

पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही तिथली रीत. कुणी मागत नाही, कुणी नाही म्हणत नाही. बेगिमायचं अंगावरचं दूध सुटलं त्या आठवड्यात साल्तानातची सासू बुरुल नवी रजई घेऊन आली आणि तीत गुंडाळून नातीला घेऊन गेली. "ही माझी धाकटी लेक," असं तिनं गावभर सांगितलं. सासरे गेले तेव्हा त्या घरात या पोरीचाच काय तो आवाज उरला. पोरगी बोलायला लागली ती आजीला आई म्हणत. बापाला दादा, आणि जिनं जन्म दिला तिला वहिनी. साल्तानातसुद्धा सासूला आईच म्हणायची. म्हणजे दोघींची आई एकच.

बेगिमाय सणाला दिसायची, लग्नात दिसायची, आजीच्या मांडीवर बसलेली दिसायची. साल्तानातच्या घरी पाळण्यात दुसरं मूल आलं, एर्जान. तिचा दिवस कामात भरून जायचा. पण दिवस भरला म्हणून सगळं भरतं असं नाही.

मग ही पहिलीची शाळा आली. पालकांच्या पहिल्याच सभेत वर्गाच्या जुमागुलबाईंनी सांगितलं की, शाळेत जे होतं ते घरी रोज अर्धा तास पुन्हा झालं पाहिजे, आणि ते करून घेणारं माणूस एकच असलं पाहिजे. बुरुलच्या डोळ्यांचं नुकतंच नारिन शहरात ऑपरेशन झालं होतं. बारीक अक्षर वाचायची तिला मनाई होती. सभेहून परतताना रस्त्यातच ती सुनेला म्हणाली, "तू दोन वर्षं शिक्षिका व्हायला शिकत होतीस ना? मग हे तुझ्याकडे. दुपारी पाठवते तिला."

एवढंच. साल्तानातनं त्या रात्री मिर्लानकडून बसकं टेबल नीट करून घेतलं. त्याचा एक पाय डुगडुगत होता.

अर्ध्या तासाचा तास केव्हा झाला ते कुणाला कळलं नाही. बेरजा मुलं खेळतात त्या मेंढीच्या घोट्याच्या हाडांवर व्हायच्या. सात इकडे, पाच तिकडे. बेगिमाय दोन हाडं हळूच मुठीत लपवायची आणि विचारायची, "आता किती?"

"चोराला आधी शिक्षा, मग उत्तर," साल्तानात म्हणायची.

"वहिनी, तू शाळेत हुशार होतीस का?"

"होते की."

"मग घरी का बसलीस?"

"तुला शिकवायला."

"मी तर आत्ता आले," बेगिमाय हिशेबानं म्हणायची. साल्तानात तिची पेन्सिल धरलेली बोटं सरळ करायची. अंगठा असा, हे बोट असं. त्या बोटांना ती जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ धरायची, इतकंच.

जानेवारीत एका दुपारी बेगिमायनं वाचनाच्या पहिल्या पुस्तकातली एक अख्खी ओळ आपली आपण वाचली. अडखळत, पण वाचली. मग डोळे मोठे करून म्हणाली, "आई म्हणते, एकदा वाचता यायला लागलं की थंडीत कशाला जायचं? घरीच मला वाचून दाखव. तिला ऐकायला तर येतंच!"

साल्तानातनं शाबासकी दिली, जर्दाळूचा मुरंबा दिला. पोरगी गेल्यावर ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसली. आपण जितकं चांगलं शिकवू तितक्या लवकर ही यायची थांबेल, हे तिला इतके दिवस सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेगिमायनं अक्षरावर बोट ठेवायच्या आत साल्तानात म्हणाली, "थांब. आधी मी वाचते, मग तू."

तिचा आवाज गोड होता. ती लयीत वाचायची. पोरीचं पाठांतर तल्लख, दोनदा ऐकलं की पान पाठ. चित्रात पाकोळी दिसली की पाकोळीचा धडा, कोकरू दिसलं की कोकराचा. बेगिमाय बोट फिरवत घडाघडा म्हणायची, आणि बोट एका शब्दावर तर तोंड दुसऱ्यावरच. साल्तानातला ते दिसत होतं. पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे, हे तिला दोन वर्षं शिकवलं गेलं होतं. तरी ती रोज म्हणायची, "आधी मी." नव्या धड्यासाठी पोरीला तिच्याकडे यावंच लागायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस सव्वाबारा वाजले, साडेबारा वाजले, फाटक वाजलं नाही. साल्तानातनं एर्जानला शालीत गुंडाळलं आणि ती सासूच्या घरी गेली.

आत जुमागुलबाई चहा घेत बसल्या होत्या. बेगिमाय आजीच्या पाठीमागे तोंड लपवून.

"ये," बाई म्हणाल्या. "तुझीच वाट बघत होते. आज घड्याळ लावून वाचन घेतलं. ही म्हणजे नुसती आगगाडी! मी आपली खूश. मग सहज चित्रावर हात ठेवला आणि खालची ओळ आधी वाच म्हटलं. तर गाडी जागच्या जागी."

"पोर घाबरली असेल," बुरुल म्हणाली. "मिर्लान तुझ्या वर्गात असताना त्याला घाबरवायचीस तशी."

"मिर्लानला घाबरवलं म्हणून तो निदान पाट्या वाचून ट्रक चालवतो, बुरुलआजी. तीन आठवड्यांनी पुस्तक संपल्याचा सोहळा आहे. सगळी मुलं मंचावर न पाहिलेलं पान वाचतील. हिला काय नुसती उभी करू?"

"माझ्या लेकीच्या डोक्यात काही कमी नाही."

"तिच्या नाहीच," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी साल्तानातकडे पाहिलं.

साल्तानात एर्जानची शाल पुन्हा पुन्हा नीट करत होती. "मी केलं," ती म्हणाली. "तिला येत होतं. मीच तिच्याआधी वाचत राहिले."

"का गं? तुला तर कळतं."

साल्तानात बेगिमायकडे पाहत राहिली. बुरुलनं बेगिमायला वासराला पाणी दाखवायला बाहेर पिटाळलं. बाईही उठल्या, त्यांना उत्तर मिळालं असावं. दार लागल्यावर बुरुलनं सुनेच्या पेल्यात चहा ओतला. अर्धाच. भरलेला पेला म्हणजे पाहुण्यानं आता उठावं.

"माझा थोरला, अस्कर, पन्नाशीला आला," ती म्हणाली. "बिश्केकहून फोन करतो. काय म्हणतो? 'वहिनी, तब्येत कशी?' टक्कल पडलं मेल्याला, अजून वहिनी!" ती हसली, मग तिनं डोळ्यांतून पाणी पुसलं, ऑपरेशनपासून ते तसंही येतच असायचं. "माझ्या सासूकडे वाढला तो. मी भिंतीआडून त्याचा खोकला ओळखायची."

"मग तुम्ही हिला का नेलंत, आई?"

बुरुलनं चहाची किटली खाली ठेवली. "तो सासूच्या वाट्याला गेला, माझ्या वाट्याला ही आली," ती म्हणाली. "देऊ म्हणशील तर आता माझ्याच्यानं देववणार नाही. खोटं कशाला सांगू?" मग पेला पुढे सरकवत म्हणाली, "पण पोरीला मंचावर मुकी उभी करू नकोस. हे तीन आठवडे पुरे दोन तास पाठव म्हण, पाठवते."

त्या तीन आठवड्यांत साल्तानातनं चित्रांवर बशी ठेवली. पान खालून वर वाचायला लावलं. पाठ झालेलं पुस्तक बाजूला ठेवून चहाचा पुडा, पिठाचं पोतं, मिर्लानच्या औषधाची बाटली, जे सापडेल ते समोर धरलं. पोरगी अडली की शब्द तिच्या जिभेवर यायचा. ती ओठ मिटून घ्यायची.

"सांग ना!" बेगिमाय रडकुंडीला यायची. "आधी सांगायचीस. आता तू दुष्ट झालीस."

"झाले. वाच."

"मी उद्या येणारच नाही!"

"बरं. आजचं तर वाच."

ती दुसऱ्या दिवशी यायची. दहाव्या-बाराव्या दिवशी पिठाच्या पोत्यावरचा लांबलचक शब्द तिनं तुकडे करून जोडला, आणि स्वतःच दचकली. "वहिनी, हे तर 'पहिल्या प्रतीचं' आहे!" साल्तानातनं तिला जवळ ओढलं नाही. ओढलं असतं तर सोडवलं नसतं.

सोहळ्याला शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बेगिमायच्या हातात बाईंनी न पाहिलेलं पान दिलं. ती दोनदा अडली, दोन्हीदा आपली आपण सुटली. वाचून झाल्यावर मुलांनी आपापल्या आयांना फुलं दिली. बेगिमायनं बुरुलला दिली, तिच्या गळ्यात हात टाकले. साल्तानात तिसऱ्या रांगेत होती. एर्जानचे दोन्ही हात धरून तिनं टाळ्या वाजवल्या, स्वतःच्याही आणि त्याच्याही. शेजारच्या बाईनं म्हटलं, "तुमची नणंद काय छान वाचते हो." ती कुणाची तरी नवी सून होती, बाहेरगावची. साल्तानात म्हणाली, "हो, छान वाचते."

सोमवारपासून बेगिमाय आली नाही. रागानं नव्हे, काम उरलं नव्हतं.

गुरुवारी साल्तानातनं वाडगाभर साय काढली, एर्जानला मिर्लानजवळ दिलं आणि ती सासूकडे निघाली. बर्फ वितळायला लागला होता, वाट चिखलाची झाली होती. दाराशी पोचताच आतून आवाज आला. बेगिमाय वाचत होती, आणि मधेमधे बुरुल म्हणत होती, "हं, मग?" गोष्ट घोड्याची होती. घोडा नदीपाशी आला, नदीला पूर होता, आणि घोडा... तिथं पोरगी थांबली. शब्द मोठा होता. तिनं पहिलं अक्षर म्हटलं, पुन्हा म्हटलं.

बुरुलला सांगता येणार नव्हतं. तिला पान दिसत नव्हतं. साल्तानातला घराबाहेरून, पान न पाहताच, शब्द कळला होता. तो तिच्या तोंडापर्यंत आला. वाडग्याभोवती तिची बोटं घट्ट झाली. आत शेगडीतलं लाकूड तडतडलं.

"बिच-क-ला," बेगिमाय म्हणाली. "घोडा बिचकला, आई! पण मागे नाही फिरला, ऐक—"

साल्तानात दाराबाहेर उभी राहिली, पान संपेपर्यंत.