यष्टिरक्षकाचं कार्ड

भंडारा जिल्हा फुटून त्याचे दोन झाले त्याला दहा-बारा वर्षं झाली होती, माझं लग्न झालं होतं, तरी मी च्युइंगगमच्या पाकिटातली क्रिकेटची कार्डं जमवतच होतो. आमच्या शाळेच्या दिवसांत निघायची ती. बायको हसायची, मी हसू द्यायचो. संच पुरा व्हायला एकच कार्ड हवं होतं, यष्टिरक्षकाचं. आणि ते एके काळी माझ्याकडे होतं, हेच खरं दुखणं. आठवीत असताना एका दुपारी माझा सगळ्यात जवळचा मित्र घरी आला, आम्ही कार्डं मांडून बसलो, आणि तो गेल्यावर पाहतो तर ते कार्ड गायब. दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात त्याला चोर म्हटलं. पुढे वर्षभर त्याच्या बाकावर कोणी बसलं नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

त्या कार्डासाठी मी भंडाऱ्यातले रद्दीवाले पालथे घातले, तुमसरचा बाजार केला, पार राज्याच्या सीमेवरच्या बपेऱ्यापर्यंत जाऊन आलो. शेवटी एका ट्रकवाल्याने सांगितलं, चिखल्याच्या खाणीतल्या एका कामगाराकडे अशी कार्डं आहेत. रविवारी एसटी पकडून गेलो. खाणकामगारांच्या वसाहतीत कडी वाजवली, आणि दार उघडलं ते त्यानेच, माझ्या शाळेतल्या मित्राने. मी हबकलोच. त्याने मात्र मला लगेच ओळखलं.

"ये नं. काहून आला इतक्या दूर?"

कार्डांसाठी आलो म्हटल्यावर त्याने आतून बिस्किटांचा डबा आणला. सात-आठच कार्डं होती, आणि सगळ्यात वर यष्टिरक्षक! माझ्या प्रत्येक कार्डाच्या मागे, कोपऱ्यात, मी माझा हजेरी क्रमांक लिहायचो. हे कार्ड उलटलं तर नेमका तोच कोपरा खरवडलेला.

"नंबर खोडला होय रे?" मी विचारलं.

"वहीले चिकटवलं होतं. काढता काढता सालपट निघालं." त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "घेऊन जा. तुले पाह्यजे नं?"

चुलीवर चहा उकळत होता. तो न घेता मी निघालो. चोर सापडल्याचा मला इतका आनंद झाला होता की परतीच्या बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

आम्ही विणकर. आमच्यात प्रत्येक रंगाचं उरलेलं कोशाचं रेशमी सूत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून पेटीत ठेवतात. किती का वर्षांनी लुगडं फाटून येईना, रफू त्याच सुताने करायचं. त्याच आठवड्यात आत्याचं डाळिंबी लुगडं रफूला आलं. आईने पेटीतून डाळिंबी सूत काढलं आणि उलगडत बसली. मी शेजारीच वहीत नवं कार्ड लावत होतो. सूत विरळ होत गेलं. खालून आधी एक ग्लोव्ह दिसला, मग चेहरा.

मी ते कार्ड तिच्या हातातून ओढून घेतलं. मागच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात माझा हजेरी क्रमांक.

"आई, हे कोनं गुंडाळलं?"

"कोन म्हंजे? तूच, शाळेत होता तेव्हा. पुठ्ठा आन म्हनलं तं तुले उठाचा कंटाळा. हाताले लागलं त्याच्यावर गुंडाळून मोकळा झाला."

आठवीतल्या त्या दुपारी मित्राने घातलेला सदरा मला आठवतो, त्याच्या तुटक्या बटणासकट. हे सूत गुंडाळल्याचं मात्र काहीसुद्धा आठवत नाही. आजही नाही. याचाच मला जास्त धक्का बसला. आई काय झालं म्हणून विचारत राहिली आणि मी वहीतलं नवं कार्ड परत काढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने चिखला गाठलं. तो कामावर निघाला होता. दारातच मी दोन्ही कार्डं त्याच्या हातावर ठेवली, पेटीतल्या सुताचं सगळं सांगितलं.

"चूक माही होती," मी म्हणालो. "मी साऱ्याइले सांगतो."

त्याने दोन्ही कार्डं उलटून पाहिली. माझ्या कार्डाच्या कडेला अडकलेला डाळिंबी धागा नखाने काढला आणि ते कार्ड मला परत दिलं.

"तू वर्गात सांगतलं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आता तो वर्ग कुठून आनशील?"