तोरांडा, पळस्पे नाक्याजवळ

प्रत्येक थोर राष्ट्राच्या मागे एक द्रष्टा पुरुष उभा असतो. तोरांडा या राष्ट्राच्या मागे काशिनाथ भोईर बसलेला असे. त्याच्या केबिनमध्ये उभं राहण्याइतकी उंची नव्हती.

ही केबिन पळस्प्याच्या एका वजनकाट्याची. मुंबईकडून येणारा रस्ता तिथे फुटतो; एक फाटा पुण्याकडे जातो, एक गोव्याकडे. ट्रक काट्याच्या लोखंडी पाटावर चढायचा, काशिनाथ काचेतून गाडीचा नंबर पाहायचा, मशीनवरचा आकडा पावतीवर उतरवायचा आणि गाडी आपल्या वाटेने निघून जायची. जगातली प्रत्येक वस्तू कुठेतरी जायला निघालेली असते, हे रोज वजनासकट पाहणारा हा माणूस स्वतः पनवेलच्या पुढे कधी गेला नव्हता. मी समोरच्या सिमेंटच्या गोदामात नोकरीला होतो. नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि पनवेलच्या आसपासची सगळी भातशेती बिल्डिंग होण्याच्या तयारीत होती.

एका रविवारी पावती घ्यायला गेलो, तर केबिनच्या काचेवर आतून मार्करने लिहिलेला तक्ता दिसला. बाहेरून अक्षरं उलटी. ड्रायव्हरांना तो दरपत्रक वाटायचा आणि ते न वाचताच घासाघीस करायचे. मी आत जाऊन वाचला. राजधानी एफसी, बंदर युनायटेड, रेल्वे कॉलनी, मिठागर स्पोर्टिंग, आणखी सहा संघ. पुढे खेळलेले सामने, गोल, गुण.

"ही कुठली लीग?" मी विचारलं.

"तोरांडाची. अव्वल लीग," काशिनाथ म्हणाला. "याच्या खाली दुसरी लीग हाय, पन तिच्याकडे बघायला मला टाइम नाय."

"तोरांडा कुठे आलं?"

"तीन बाजूंनी समुद्र, एका बाजूने डोंगर. हायवे नाय. हायवे आला का जमीन जाते."

माझ्या काखेत नेहमी एखादं पुस्तक असायचं, म्हणून त्याने त्याच दिवशी माझं नाव 'वाचनालय' ठेवलं. पुढे काही वर्षं मला पळस्प्यात दुसरं नाव नव्हतं.

लीगची पद्धत साधी होती. दिवाळीनंतर मोसम सुरू व्हायचा, मेमध्ये संपायचा. रविवारी चार वाजल्यानंतर काट्यावर चढणाऱ्या पहिल्या पाच गाड्या म्हणजे त्या दिवसाचे पाच सामने. गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे घ्यायचे आणि प्रत्येकाचा निम्मा करायचा. उरलेला अर्धा सोडून द्यायचा. पहिल्या आकड्याचे गोल घरच्या संघाचे, दुसऱ्याचे पाहुण्यांचे. त्र्याऐंशी नंबरचा ट्रक आला की यजमान चार-एकने जिंकले. मग ट्रक वाळूचा असो, कोंबड्यांचा असो की देवाच्या मूर्तींचा. तोरांडाच्या फुटबॉल महासंघाने मालात कधी भेदभाव केला नाही.

काशिनाथचा संघ मिठागर स्पोर्टिंग. भोईरांची मिठागरं होती. सरकारने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या, बदल्यात प्लॉट मिळाले आणि काशिनाथचे मोठे भाऊ, ज्यांना सगळा तालुका दादा म्हणे, एका रात्रीत बिल्डर झाले. दादांचे फ्लेक्स नाक्यावर बारा महिने असत. वाढदिवस, सण, दहावीच्या मुलांचं अभिनंदन, निमित्त काहीही असो. दादा हात जोडून हसत, आणि कोपऱ्यात देवाला पासपोर्टच्या फोटोएवढी जागा मिळे. दरवर्षी टेनिस बॉल क्रिकेटचा 'दादा चषक' होई. त्यात खेळापेक्षा सत्कार जास्त वेळ चाले.

"क्रिकेटला दादा लागतो," काशिनाथ म्हणायचा. "फुटबॉलला नुसता बॉल लागतो."

वजनकाटा एकत्र कुटुंबाचा होता आणि त्यावर घरचा माणूस पाहिजे, बाहेरचा वजन खातो, हा दादांचा सिद्धांत. तो खराच होता. आजूबाजूच्या काट्यांवर शंभर-दोनशे किलो इकडचे तिकडे होत. काशिनाथच्या काट्यावर कधी झाले नाहीत. त्यामुळे त्याला उठवायचं कारण कुणालाही सापडेना. लबाड असता तर दुसऱ्या आठवड्यात सुटला असता.

त्याला सुटायचं होतं, हे मला मिंगेलमुळे कळलं. मिंगेल मडगावचा, स्वतःचा ट्रक, आठवड्यातून दोनदा मासळी घेऊन मुंबईला यायचा आणि रिकामा परत जाताना काट्यापाशी चहाला थांबायचा. तोरांडाच्या निकालांबद्दल खरी आस्था असलेला काशिनाथव्यतिरिक्त तो एकमेव मनुष्य. त्याच्या चुलत्याने मडगावात ट्रान्स्पोर्टचं ऑफिस काढलं होतं आणि तिथे विश्वासाचा माणूस हवा होता. राहायला खोली होती. ऑफिसच्या मागे मैदान होतं आणि त्यावर रोज संध्याकाळी खरोखरच्या पायांनी खरोखरचा फुटबॉल खेळला जायचा.

"काशी, चल मरे," मिंगेल दर खेपेला म्हणायचा. "बायलेक घे आणि गाडीत बस. बाकीचं मी बघतो."

काशिनाथची बायको, सुमनवहिनी, केव्हाचीच तयार होती. भोईरांच्या घरात जावांमध्ये सगळ्यात धाकटी असल्याने वीस माणसांच्या भाकऱ्या तिच्या वाट्याला होत्या. ती डबा घेऊन काट्यावर यायची, काचेवरचा तक्ता वाचायची आणि म्हणायची, "तुमच्या देशात बायका काय करतात ओ?"

"म्याच बघतात."

"मग मला त्या देशात तरी नेऊन सोडा."

अडचण दादांना सांगण्याची होती. काशिनाथ तीनदा सांगायला गेला. तिन्ही वेळा दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काही बोलायच्या आत म्हणाले, "काशा, तू हायेस म्हणून काटा हाय." तिन्ही वेळा काशिनाथ चहा पिऊन परत आला. शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं. कौतुकाशी कसं भांडायचं, हे भोईरांच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं.

"सरळ सांग, मला जायचंय," मी म्हणालो.

"मला जायचंय, हे काय कारन झालं, वाचनालय?" तो मनापासून चकित होऊन म्हणाला. "कारन मोठं पायजे. दादापेक्षा मोठं."

दादांपेक्षा मोठी अशी एकच संस्था त्याच्या माहितीत होती. एका मोसमाच्या सुरुवातीला त्याने मिंगेलला आणि वहिनींना शब्द दिला: या वर्षी मिठागर स्पोर्टिंगने लीग जिंकली, तर शेवटच्या रविवारी मिंगेलच्या ट्रकमधून मडगाव. दादांना फोन वाटेतून. मिठागरने तोवर एकदाही लीग जिंकली नव्हती. दरवर्षी राजधानीच जिंकायची. "राजधानीच्या अध्यक्षांचा आज वाढदिवस," काशिनाथ समालोचन करायचा, "स्टेडियमभर ब्यानर लावलेत. प्लेयरला गोल दिसत नाय." आणि तेवढ्यात काट्यावर नव्वद नंबरची गाडी येऊन राजधानी चार-शून्यने जिंकायची.

पण त्या वर्षी मिठागर सुटलं. दिवाळीपासून मार्चपर्यंत गाड्या जणू त्यांच्याच बाजूने नोंदवल्या गेल्या होत्या. शेवटचा रविवार आला तेव्हा राजधानीपेक्षा ते एका गुणाने मागे होते आणि मोसमाचा शेवटचा सामना मिठागर विरुद्ध राजधानी, तोही मिठागरच्या मैदानावर. जिंकलं तर विजेतेपद. बरोबरी झाली तरी राजधानी.

मी तीन वाजताच केबिनमध्ये जाऊन बसलो. वहिनी आल्या त्या दोन बॅगा घेऊन. घरी माहेरी जाते म्हणून सांगितलं होतं. मिंगेलने रिकामा ट्रक काट्याच्या बाजूला सावलीत लावला आणि चहा मागवला. चारनंतर पहिल्या चार गाड्या पटापट झाल्या. मग एकही गाडी येईना.

बाहेर पाहिलं तर हायवेच थांबलेला. 'दादा चषका'च्या उद्घाटनाला एक मोठे नेते येणार होते आणि त्यांचा ताफा जाईपर्यंत पोलिसांनी दोन्ही बाजूंच्या गाड्या रोखून धरल्या होत्या. ताफा काही येईना. नाक्यावर फ्लेक्समधले दादा हात जोडून हसत होते.

कंटाळून मिंगेल ट्रकला टेकला आणि एकदम ओरडला, "काशी! माझा नंबर बघ!"

आम्ही सगळ्यांनी पाहिला. रोज पाहत होतो. शेवटचे आकडे बहात्तर. साताचे तीन, दोनाचा एक. मिठागर तीन, राजधानी एक.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. डोकं छताला लागलं, तरी तशाच राहिल्या.

"काट्यार घालतां," मिंगेल म्हणाला. "पावती फाड. पैसे घे."

काशिनाथने मान हलवली. "नाय चालनार."

"कित्याक?"

"तू वजनाला नाय आलास. चा प्यायला आलास."

"आता वजनाला येतो!"

"कशाला? रिकामी गाडी हाय."

"रिकाम्या गाडीचंही वजन होतं," मी म्हणालो. "आमच्या गोदामाच्या गाड्या रोज आधी रिकाम्या तोलून घेतात, मग भरून आणतात. वजाबाकी केली की मालाचं वजन."

"होतं ना. पन त्या गाडीला माल भरायचा असतो. याला घरी जायचंय." त्याचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द जागचे हलत नव्हते. "गाडीला गरज पायजे, वाचनालय. आपली गरज चालत नाय."

"अरे, देश तुझा, लीग तुझी, नियम तुझा!" मी चिडलो. "तू नाही बदलायचा तर कोणी?"

"दादा बी कमिट्या बनवतो," काशिनाथ म्हणाला, "आनि पयला नियम तोच मोडतो. मला तसला देश नको."

मिंगेलने ट्रक चालू केला, पाटाच्या कडेपर्यंत आणला आणि खिडकीतून त्याच्याकडे पाहत राहिला. पुढची दोन चाकं चढली असती तर मशीनवर आकडा आला असता. काशिनाथ म्हणाला, "मागे घे, मिंगेल. खरी गाडी आली तर अडंल."

वहिनींनी एवढंच विचारलं, "खरी गाडी म्हंजे काय ओ?" काशिनाथ मार्करचं टोपण लावत बसला. त्याला खरंच नियम पाळायचा होता, की बॅगा पाहून त्याने माघार घेतली होती, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यालाही कळलं असेल असं वाटत नाही.

ताफा गेला. सायरन वाजवत, कुणाकडे न बघता. हायवे सुटला आणि पहिला वळला तो हापूसच्या पेट्या भरलेला टेम्पो, कोकणातून वाशीकडे निघालेला. गरज होती, माल होता. पाटावर चढला. नंबराच्या शेवटी एक आणि शून्य.

काशिनाथने आधी पावती फाडली. मग मार्कर घेतला आणि मिठागरच्या नावापुढे शून्य लिहिलं, राजधानीच्या नावापुढे शून्य लिहिलं. राजधानी विजेता. मिंगेल खाली उतरला, त्याने काशिनाथच्या पाठीवर थाप मारली आणि ट्रक घेऊन गोव्याच्या फाट्याला लागला. वहिनींनी दोन्ही बॅगा उचलल्या.

"दे, एक मी घेतो," काशिनाथ म्हणाला.

"तुमी काट्यावर बसा," त्या म्हणाल्या. "तुमी हायेत म्हणून काटा हाय."

मी त्यांना इतक्या शांतपणे बोलताना कधी ऐकलं नव्हतं. काशिनाथ बराच वेळ काचेकडे तोंड करून बसला. बाहेर उभा असलेला ड्रायव्हर समजला, आपल्याकडेच बघतोय, आणि त्याने विचारलं, "शेठ, भाव वाढला काय?"

मिंगेलच्या चुलत्याने पुढच्या महिन्यात दुसरा माणूस ठेवला. मिंगेल त्यानंतरही चहाला थांबायचा, पण गाडीत बस म्हणायचा नाही. काशिनाथने मोसम सुरू केले, संपवले. मात्र काही पणाला लावलं नाही. दादांच्या वाढदिवसाला एका वर्षी त्याचाही सत्कार झाला, 'प्रामाणिक वजनाची पंधरा वर्षं' अशा नावाने. शाल त्याने केबिनच्या खुर्चीवर घातली, कारण मे महिन्यात रेक्झिन तापायचं.

मग माझी बदली झाली. काही वर्षांनी रस्ता रुंद झाला, वर पूल आला आणि काटा त्यात गेला. दादांनी काशिनाथला आपल्या नव्या बिल्डिंगच्या ऑफिसात आणून बसवलं. पहिल्या मजल्यावर, आतल्या बाजूला. मी भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, कारण टेबल तसंच लावलेलं होतं.

"वाचनालय! या, बसा." केस पिकले होते. वहिनी बऱ्या आहेत म्हणाला. मिंगेल? "तो आता पुलावरनं जातो. खाली उतरायला लागत नाय."

"इथून रस्ता दिसत नाही," मी म्हणालो.

"नाय दिसत. आवाज येतो." त्याने भिंतीकडे बोट केलं. "पन आवाजाला नंबर नसतो."

काटा गेला तेव्हा मोसम निम्माच झाला होता. त्यामुळे तोरांडाच्या अव्वल लीगचे उरलेले सामने अद्याप व्हायचे आहेत. राजधानी दोन गुणांनी पुढे आहे.