गार्गीची जड माणसं

बातमी शाळेच्या ग्रुपवर आली. ‘गार्गी पास्ड अवे धिस मॉर्निंग.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली... मी फोन उलटा ठेवला आणि मीटिंगला गेले. वर्षभराच्या आजारपणानंतर हे अनपेक्षित नव्हतं.

आम्ही अबुधाबीत एकाच इमारतीत वाढलो. तिच्या बाबांचं, म्हणजे काकांचं, मुसफ्फा या औद्योगिक भागात लोखंडी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. सुट्टीत ती तिथे कोपऱ्यात बसून कामगारांची चित्रं काढायची. पुढे जपानला गेली, शिकली आणि अॅनिमे मालिकांची अॅनिमेशन सुपरवायझर झाली. एका भागाची चित्रं बरेच जण काढतात. ती एकाच हाताची वाटावीत म्हणून दुरुस्त करणं हे तिचं काम. पण तिचा हात लागला की माणसांना वजन यायचं. उठताना ती माणसं गुडघ्यावर तळवा टेकायची, पिशवीच्या बाजूला खांदा उतरायचा. रेषा जाड, जराशी खरखरीत. नाव न वाचताही प्रेक्षक तिचा भाग ओळखत. एका दिग्दर्शकाला ते खपलं नाही. ‘नायक हलका हवा,’ असं त्याने दोनदा सांगितलं, तिने ऐकलं नाही, आणि मालिका हातातून गेली. काका फोनवर म्हणाले, “खलास. आता परत ये. वर्कशॉपची ड्रॉइंग्ज कर.” ती आली नाही. पुढे दुसऱ्या एका दिग्दर्शकाने तिला त्या जड माणसांसाठीच बोलावून घेतलं.

आली ती आजारपण घेऊन. घरूनच काम करायची. काकांनी तिचं काम कधी पाहिलं नव्हतं, ‘कार्टून’ म्हणायचे. एका संध्याकाळी मी तिथे असताना ते सहज तिच्या मागे उभे राहिले. पडद्यावर एक म्हातारा भिंतीला पाठ घासत खाली बसत होता.

“हा आपल्या बशीरसारखा बसतोय.”

“बशीरचाचाच आहेत ते, बाबा.”

बशीर त्यांचा जुना वेल्डर, केव्हाच गावी परतलेला. काकांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा... त्यानंतर तिला झेपत होतं तोवर ते दर शनिवारी तिला वर्कशॉपला नेत. तिची खुर्ची कुठे ठेवायची, ते स्वतः बघत.

तिच्या टेबलाला एक आरसा लावलेला आहे. चेहऱ्यावरचा भाव काढण्याआधी ती तो स्वतः करून बघायची. तिच्या माघारी, गेल्या आठवड्यात घरी गेले तेव्हा तिची आई, म्हणजे काकू, त्यात बघून टिकली लावत होत्या. आरसा बसलेल्या माणसाच्या उंचीचा. त्यांना बरंच वाकावं लागत होतं.

“काकू, वर करून देऊ?”

“नको, राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.