साठावा पेशंट पानिपतचा

"रेसिडेन्सीत रिसर्चला वेळ काढावा लागतो," असं सगळे सीनियर सांगतात. कुठून काढायचा, ते एकही शहाणा सांगत नाही! दिल्लीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जरी शिकताना माझ्या थिसिसची पानं काही भरेनात, किस्से मात्र ढीगभर साठले.

थिसिस तसा साधाच. बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन झालेले साठ पेशंट घ्यायचे, सहा महिन्यांनी प्रत्येकाला अकरा प्रश्न विचारायचे आणि टाक्यांची जागा तपासायची. माझे गाइड मल्होत्रा सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "साठ यानी साठ. नहीं तो साइन नहीं करूँगा." सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर आणखी सहा महिने इथेच!

*

एकदा सर्क्युलर निघालं : दर गुरुवारी तीन ते चार फक्त रिसर्च. आम्ही चक्क पेढे वाटले!

पहिल्या गुरुवारी त्याच तासाला लेक्चर ठेवलं. विषय, रिसर्चसाठी वेळ कसा काढावा. हजेरी कंपल्सरी. दुसऱ्या गुरुवारी त्या लेक्चरचे फीडबॅक फॉर्म भरून घेतले. तिसऱ्या गुरुवारी तातडीची मीटिंग : "रेसिडेंट्स का रिसर्च आगे क्यों नहीं बढ़ रहा?"

*

सर निवांत भेटायचे ते ऑपरेशनआधी हात धुताना. तेवढीच पाच मिनिटं. धुतलेले हात वर धरून ते उभे, आणि मी समोर कागद धरून. सर म्हणणार, "पलटो." मी पान उलटायची. तिसऱ्या पानाला आतून हाक यायची, पेशंट तयार आहे!

पुढच्या खेपेला सर कुठवर आलो ते विसरलेले. पुन्हा पहिल्या पानापासून "पलटो."

असं वर्षभर चाललं. माझी प्रस्तावना सरांना पाठ आहे. पुढे काय लिहिलंय, देव जाणे!

*

अस्लम मुलाणी माझ्याच बॅचचा, सोलापूरचा. ड्यूटीवर त्याच्या पोटात दुखायला लागलं. आम्हाला वाटलं, बहाणा. निघालं अपेंडिक्स! त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आल्यावर पठ्ठ्याने पाण्याआधी लॅपटॉप मागितला. चार दिवसांत दोन चॅप्टर पूर्ण! डिस्चार्जच्या वेळी हात जोडून म्हणतो, "सर, और दो दिन रख लीजिए ना." सर म्हणाले, "बेड नहीं है."

आणि संध्याकाळी आम्हा सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारून, "देखा? टाइम निकालने से निकलता है!"

*

पेशंटना फोन करायला मला मेट्रोशिवाय वेळच नव्हता. दिल्लीतल्याच द्वारकेला आईकडे जाताना ब्लू लाइनवर फोन लावायचा. "हॅलो, मैं डॉक्टर बोल रही हूँ." पलीकडून, "लोन नहीं चाहिए!" खाडकन फोन बंद!

एकदा एक आजोबा लाभले, पण कानाने अधू. सगळे प्रश्न ओरडून विचारावे लागले. "टॉयलेट में ज़ोर लगाने पर दर्द होता है क्या?" अख्खा डबा चिडीचूप झाला. माझ्यासमोरचे दोघे उठून पुढच्या डब्यात गेले.

मला बसायला जागा मिळाली. थिसिसचा तेवढा एक फायदा झाला बघा.

*

एकोणसाठ झाले. साठावा रामकिशन, पानिपतचा, चादरींच्या कारखान्यातला. त्याचा फोन बंद, आणि सोमवारी थिसिस द्यायचा! रविवारी निघाले. आई म्हणाली, "पानिपतला? अगं, मराठी माणूस तिथे आपणहून जातो का!"

शोधत शोधत घर सापडलं. "रामकिशनजी का घर?" "हाँ जी, आइए!" चेहरा ओळखीचा वाटला. आम्हा सर्जन लोकांना चेहरे कुठे आठवतात म्हणा, पोटं आठवतात. चहा आला, लस्सी आली. दर्द? बिल्कुल नहीं. वजन उचलता येतं? दो मन! अकराच्या अकरा उत्तरं एक नंबर. मला तर आनंदाने रडूच यायला लागलं.

मग म्हटलं, ज़रा कुर्ता ऊपर कीजिए. बघते तर टाक्यांची खूणसुद्धा नाही! क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला.

त्याने हळूच कुर्ता खाली केला. "ऑपरेशन तो छोटे भाई का हुआ था जी. वो सूरत चला गया. आप छुट्टी के दिन इतनी दूर से आईं, ख़ाली हाथ कैसे भेजता?"

माझ्या हातात भरलेला फॉर्म. तेवढ्यात सरांचा फोन. "साठ हो गए?"

मी फॉर्मकडे बघितलं. "उनसठ, सर."

सर म्हणाले, "ठीक है. उनसठ ही लिखो. कल साइन ले जाना."

मी तो भरलेला फॉर्म टराटरा फाडला. त्या बिचाऱ्याला वाटलं, माझं काम बिघडलं. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "एक ही कम पड़ रहा है ना, डॉक्टर साहिबा? पड़ोसी का घुटना बदला है पिछले साल. बुला लूँ?"