सातवी अट आणि सिद्धगडचा पायथा

शहापूर सोडलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. जीपच्या मागच्या बाकावर दोल्मा खिडकीला नाक लावून बसली होती आणि पुढे मी, मांडीवर तिच्या देशाची फाइल घेऊन. देशाचं नाव सांगत नाही. लहान आहे, डोंगराळ आहे आणि तिथले लोक भात खातात, एवढं पुरे.

आशियातल्या काही देशांनी मिळून अणुविज्ञानाचा एक प्रकल्प चालवला आहे. भाताच्या बियाण्यावर किरणं सोडायची, पुढच्या पिढ्यांतून बुटकी, वाऱ्यात न लोळणारी रोपं निवडायची आणि चांगली जात निघाली की सगळ्यांनी वाटून घ्यायची. नव्या देशाला यात यायचं तर सात अटी. करारावर सही, समन्वयक, चाचणीची शेतं, शिकलेली माणसं, स्वतःचं वाण, निष्कर्ष खुले करण्याचं वचन, या सहा दोल्माच्या देशानं पुऱ्या केल्या होत्या. घोडं अडलं होतं सातवीवर. किरणं देणारं यंत्र स्वतःचं हवं. नसेल तर जुन्या सभासद देशानं तीन वर्षं ते काम करून देण्याची लेखी हमी द्यावी.

दोल्मा जी मागायला आली होती ती हमी भारतातर्फे माझ्या सहीनं जायची होती, आणि मी ती देणार नव्हतो. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, हाताखाली दोन माणसं, आमचंच बियाणं यंत्रापुढे रांगेत पडलेलं. नसती ब्याद गळ्यात कोण घेणार? म्हटलं, पाहुणीला एक शेत दाखवू, जेवू घालू आणि गोड बोलून वाटेला लावू.

मुरबाड मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली खाचरं सुरू झाली. सिद्धगड ढगातून अर्धाच बाहेर आला होता. तो डोंगर मला फार आवडतो. वीस वर्षं बघतोय, पुरा म्हणून कधी दिसत नाही. पुढे चिखलात जीपनं हात टेकले. उरलेला मैलभर आम्ही बांधाबांधानं चालत गेलो.

यमुनाबाईंच्या शेतात आमच्या किरणं दिलेल्या बियाण्याची चाचणी चालते. पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, "ह्यो भात रातचा चकाकतो का रे?" नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्याच होत्या. आज त्यांच्याकडे आवणी (भाताची लावणी) होती. दहा-बारा बायका ओणव्या होऊन रोपं लावत होत्या. मजुरीच्या नव्हेत, सावडीच्या. सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या मी तुझ्या.

मी दोल्माला हे समजावत होतो, तेवढ्यात तिनं बूट काढले, विजार गुडघ्यावर दुमडली आणि सरळ खाचरात उतरली. मी "अहो, अहो" करेपर्यंत तिनं रोपांची जुडी उचललीसुद्धा. मागे सरकत, तीन-तीन रोपं, ओळ दोरी धरल्यासारखी. बायका थांबून बघू लागल्या.

"हिच्या हाताला सवय हाय गो," यमुनाबाई म्हणाल्या. "ही नुसती कागदाची बाई नाय."

कागदाचा कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. फोटो काढायला मी पुढे झालो आणि बांधावरून घसरून गुडघाभर चिखलात गेलो. पाय निघाला, बूट आतच राहिला.

"ऱ्हाऊ दे रे सायेब," एक म्हातारी ओरडली, "दिवाळीला जोडी निघंल त्याची!"

हसण्याचा असा फवारा उडाला की मलाही हसू आवरेना. दुपारी तांदळाची भाकर आणि चिंबोऱ्यांचा (शेतातल्या खेकड्यांचा) तिखटजाळ रस्सा. दोल्मानं नांग्या दातांनी फोडल्या, नाक पुसत पुसत दोनदा वाढून घेतलं आणि जेवून पुन्हा खाचरात उतरली. चार वाजता शेवटची ओळ लागली तेव्हाच वर आली.

निघताना यमुनाबाईंनी विचारलं, "हिचं शेत कुठं?"

"लांब. विमानानं जावं लागतं."

"मंग आमी कवा येऊ?"

मला हसू आलं. बाकी कोणीच हसलं नाही.

"हसतोस काय रे?" या वाडीत अहोजाहोची चैन नाही. "तिनं दिस दिला. सावडीत दिस घेतला का फेडाया लागतो. आमाला नाय जमत, तर ज्यानं मानूस आनला त्यानं फेडायचा. अशीच रीत हाय."

"अहो यमुनाबाई, ती पाहुणी आहे."

"पावनी बांधावर बसती. ही बसली का?"

एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी, असा मी जीपपर्यंत आलो. वाटेत दोल्मानं विचारलं, त्या काय म्हणत होत्या? मी जसंच्या तसं सांगितलं. ती नुसती हसली आणि बांधावरच्या गवताला पायाचा चिखल पुसत चालत राहिली. त्या मैलभरात मला माझीच फार लाज वाटली.

शहापूरला चहाला थांबलो. टपरीच्या बाकड्यावर फाइल उघडली, हमीचा कागद काढला आणि सही केली. कागदाला चिखलाचं बोट लागलं ते लागलंच.

"खरं सांगतो," मी म्हणालो, "आज मी तुम्हाला नाही म्हणायला आलो होतो."

"माहीत होतं मला," दोल्मा म्हणाली. "सकाळपासून तुम्ही ही फाइल एकदाही उघडली नव्हती."

हिला सकाळीच माहीत होतं. आणि तरीही ही बाई दिवसभर ओणवी होऊन आमचं भात लावत होती.