मोसंबीच्या सालीची चव

अंधेरीतल्या आमच्या नेहमीच्या वाइन शॉपमध्ये काउंटरवर उभा असतो तो माणूस गळ्यात तुळशीची माळ घालतो. दारूचा थेंब त्याने कधी चाखलेला नाही. तरी ग्रीक व्हाइट वाइन घ्यायची तर मी त्यालाच विचारतो.

तो आधी विचारतो, "घरी मासळी कोणती?" पापलेट म्हटलं की असिर्तिको नावाची बाटली पुढे करतो. "बेटावरची द्राक्षं, साहेब. वारा एवढा, की वेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळवतात. खाऱ्या वाऱ्यासारखी लागते, चेंबूरच्या मॅडम म्हणाल्या."

त्याच्याकडची प्रत्येक चव अशी कुणीतरी सांगितलेली असते. बाटली नेली की पुढच्या खेपेला तो विचारणारच, "कशी लागली? खरं सांगा हां." मग आपण दिलेलं उत्तर ओठ हलवत पाठ करतो.

मागच्या महिन्यात त्याने मालागूझिया ही दुसरी ग्रीक वाइन दिली होती. ती मी न उघडताच एकाला भेट देऊन टाकली. पुढच्या खेपेला दुकानात त्याने विचारल्यावर मात्र ठोकून दिलं, "झकास! मोसंबीच्या सालीसारखी."

काल एक बाई तीच बाटली हातात घेऊन घुटमळत होत्या.

"मोसंबीच्या सालीसारखी लागते," तो म्हणाला आणि माझ्याकडे हात केला. "या साहेबांनी सांगितलंय. उगाच काही सांगायचे नाहीत ते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या बाटली घेऊन गेल्यावर मीही एक मालागूझिया काउंटरवर ठेवली.

"परत तीच?" त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे मी बरोबर सांगितलं ना त्यांना?"